झाकण

मारिन्या ग्रांदमध्ये संध्याकाळी साडेसहाला
साच्यांच्या कारखान्यातली यंत्रं गप्प होतात
आणि पाइनच्या वाऱ्यात गरम प्लास्टिकचा वास
रेंगाळत राहतो, निघतो निघतो म्हणत
उंबऱ्यात बसलेल्या पाहुण्यासारखा.

इदालिना तेव्हाही टेबलाशीच.
एकतीस वर्षं ती हातांनी विचार करत आली.
आधी माती, मग फोम, मग पॉलिशकागद,
मग डोळे मिटून नुसता अंगठा फिरवायचा.
अंगठ्याला खोटं बोलता येत नाही, म्हणते.

सुपाच्या डब्याचं झाकण तिचं.
पाव वळसा, आणि शेवटी एक
टक्.
त्या टक्‌साठी तिने अकरा साचे मोडले
आणि एक संसार, असं गावात बोलतात.
ती फक्त आकडा दुरुस्त करते:
साचे बारा होते.

तेल्मु चोवीस वर्षांचा. दिवसा तिच्या हाताखाली,
रात्री कुणाकुणाबरोबर, मनिलात कोणी, टॅलिनमध्ये कोणी,
संगणकावरच्या खेळांसाठी किल्ले रचतो, कंदील, कुलपं.
एकमेकांची तोंडं पाहिली नाहीत त्यांनी,
चुका मात्र एकमेकांच्या पाठ.
"वजन नसलेल्या वस्तू," ती नाक मुरडायची.
"त्या पडल्या तरी कुणाच्या पायावर पडणार?"

एका बुधवारी तो म्हणाला, हे ऐक.
पडद्यावर अंधार. भुयार. लोखंडी दार.
टक्.
"हा तुझा आवाज. कुणीतरी डब्यावरून टिपला,
सगळ्यांना वाटून टाकला. आता चार खेळांत
दारं उघडतात त्याने."
ती बराच वेळ काही बोलली नाही.
आपलं पोर परगावी भलत्याच नावाने
सुखात नांदतंय, हे कळावं तशी.

मग त्याने जुरेमा दाखवली.
रेसीफेचं स्वयंपाकघर, खिडकीत मांजर.
डबा गुडघ्यांत, झाकणावर ओलं फडकं,
एक हात, आणि हनुवटी.
दुसरा हात नाहीच.
एक मिनिट बारा सेकंद.
इदालिनाने तो व्हिडिओ तीसदा पाहिला.

पांढऱ्या खोलीत चाळीस माणसं बसवून
आम्ही हे झाकण पारखून घेतलं होतं, ती म्हणाली.
चाळीस माणसांना
ऐंशी हात होते.

खाली नऊशे जण बोलत होते.
कुणी सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली,
कुणी झाकणाला कान काढून, घरीच छापून बसवला,
कुणी म्हणे कान ठीक, पण डावीकडे हवा.
पैसे कुणी मागितले नाहीत.
परवानगीही नाही.

आधी ती तापली: माझ्या झाकणाला कान?
मग मातीचा गोळा घेतला, डावा हात
ॲप्रनच्या नाडीने पाठीशी बांधला
आणि रात्री सव्वाअकरापर्यंत
उजव्याने कान वळत बसली.
अंगठा फिरवला. थांबला.
नऊशे जणांना न कळलेलं अंगठ्याला कळलं.

तिने लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा, अनोळखी माणसांना:
झाकण माझं. कान दोन मिलिमीटर पातळ करा,
मुळाशी गोलाई द्या, नाहीतर गरम सुपाने
सहा महिन्यांत तडा जाईल.
माफ करा, हे लिहून तिने खोडलं.
पुन्हा लिहिलं.

सकाळी उत्तर होतं.
"म्हणजे ती तू!
सात वर्षं तुला शिव्या घालत सूप पितेय मी.
रंग मात्र झकास."

इदालिना हसली की नाही, तेल्मुला नक्की सांगता येत नाही.
ती मातीवर पाणी शिंपडत होती.
"त्यांना अंगठा कसा पाठवायचा रे?" तिने विचारलं.
त्याने कॅमेरा टेबलावर वाकवला.
आणखी खाली, ती म्हणाली. तोंड नको.
हात.